तुमचं चाक बेअरिंगमुळे थांबत नाहीये

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना कळेल. प्रश्न विचारणाऱ्यांनी प्लायवूडचं चार फुटी चाक बनवलंय, त्याला बिजागरीवर फिरणारे १२ हात, प्रत्येक हाताच्या टोकाला अर्धा किलोचं वजन. उतरत्या बाजूला हात बाहेर पडतात, चढत्या बाजूला आत दुमडतात, म्हणजे एक बाजू कायम जड राहणार आणि चाक आपोआप फिरत राहणार अशी कल्पना. प्रत्यक्षात हाताने ढकललं की सात-आठ फेऱ्या मारून थांबतं, त्याचा फोटो आणि व्हिडिओ टाकलाय. मग विचारलंय की महागाचं सिरॅमिक बेअरिंग टाकू, वजनं वाढवू, की हातांची संख्या विषम करू. वर एक जण ८५ हजारात गिअर आणि फ्लायव्हीलचा (वेग टिकवणाऱ्या जड चाकाचा) सेट द्यायला तयार आहे आणि त्यावर ५ एचपीचा पंप चालेल म्हणतोय. शेवटची ओळ अशी की "भास्कराचार्यांनी पण असं चाक सांगितलंय ना सर?"

सर वगैरे नका म्हणू, मी काही प्रोफेसर नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात बॅलन्सिंगचं काम करतो, २७ वर्षं झाली. ब्लोअरचे इंपेलर (आतली पात्यांची चाकं), फ्लायव्हील, गुऱ्हाळाच्या चरकाच्या पुल्या, जे फिरतं आणि फिरताना थरथरतं ते आमच्याकडे येतं. आणि चाकवाले पण येतात. "हे बॅलन्स करून द्या" म्हणून नाही, "याचा बॅलन्स असा बिघडवून द्या की थांबणारच नाही" म्हणून येतात! आत्तापर्यंत १४ चाकं हातातून गेलीत, त्यातलं एक माझं स्वतःचं.

तुमचा खरा प्रश्न बेअरिंगचा नाहीये. तुम्ही असं धरून चाललाय की चाक मुळात फिरायला तयार आहे आणि घर्षण त्याला अडवतंय, म्हणजे घर्षण कमी केलं की उरलेली ताकद आपली. ही ताकद मुळात आहे का एवढाच प्रश्न आहे. ती असेल तर बेअरिंगवर खर्च करा, बिनधास्त करा. नसेल तर हिऱ्याचं बेअरिंग टाकलं तरी चाक फक्त जरा उशिरा थांबेल. आणि ती आहे की नाही हे घरबसल्या तीन-चारशे रुपयात मोजता येतं, त्यासाठी माझ्यावर किंवा कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवायची गरज नाही.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोबाइलवरच झूम केला आणि चाक चार फुटी आहे हे धरून पट्टीने मापं काढली. आसाच्या मधून एक उभी रेघ धरायची आणि प्रत्येक वजन त्या रेघेपासून आडवं किती लांब आहे ते बघायचं. उजवीकडे, म्हणजे उतरत्या बाजूला, वजनं आहेत पाच. त्यांची अंतरं २२, ५५, ६०, ५०, २६ सेंटिमीटर. बेरीज २१३. डावीकडे वजनं आहेत सात! अंतरं ६, २९, ४३, ४७, ४२, २८, १५. बेरीज २१०. तीनचा फरक म्हणजे माझ्या पट्टीची चूक समजा. आता कळलं का गंमत कुठे आहे ते. सगळे लोक उजवीकडची वजनं किती लांब गेलीत ते बघतात, डावीकडे ती जास्त झालीत हे कुणी मोजत नाही. हात बाहेर पडायला वेळ घेतात, आत दुमडलेले हात चढताना गर्दी करतात, त्यामुळे लांब पण थोडी विरुद्ध जवळ पण जास्त असा सामना होतो आणि तो बरोबरीत सुटतो.

आता कुणी हुशार माणूस म्हणेल की अहो फोटो थांबलेल्या चाकाचा आहे, थांबलंय म्हणजे त्या जागी बरोबरी असणारच, त्यात काय सिद्ध झालं. बरोबर आहे, एकट्या फोटोने काहीच सिद्ध होत नाही. खरा हिशोब पूर्ण फेरीचा करायला पाहिजे. तो असा करा. बाजारात बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. चाकाच्या कडेला एक खिळा, त्याला दोरी, दोरीला काटा. तुमचे हात १२ म्हणजे दर ३० अंशाला तीच गोष्ट परत येते, त्यामुळे ३० अंश मोजले तरी पुरतात. कडेवर दर ३ अंशाला पेन्सिलीची खूण करा आणि प्रत्येक खुणेला चाक धरून बघा, ते पुढे ओढतंय की मागे आणि किती ग्रॅम. दोरी कडेला सरळ स्पर्श करून गेली पाहिजे, तिरकी नको. पुढची ओढ अधिक, मागची वजा, अशी बेरीज मारा. तुमची कल्पना बरोबर असेल तर बेरीज ठसठशीत अधिक यायला पाहिजे. १४ चाकांपैकी ९ मी अशी मोजलीत. बेरीज शून्याच्या आसपास येते, आणि बहुतेक वेळा थोडी वजा.

थोडी वजा का येते, ते तुमच्या व्हिडिओतच ऐकू येतंय. तो खट्ट आवाज. प्रत्येक हात वर पोचला की पलटी मारून बाहेर पडतो आणि स्टॉपरवर आपटतो. अर्धा किलो वजन साधारण १० सेंटिमीटर खाली आपटलं असं धरा, तर दर वेळी अर्धा ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) गेला, १२ हातांचे मिळून फेरीला सहा ज्यूल. हे सहा ज्यूल कुठून आले? वजन तिथपर्यंत उचलून नेताना चाकाने दिले, आणि चाकाला तुमच्या हाताने दिले. काही जण स्टॉपरला रबर लावतात, फेल्ट लावतात. आवाज जातो की ओ, पण ज्यूल जातातच, रबर गरम होतं इतकंच.

तुमच्या व्हिडिओत अजून एक गोष्ट आहे जी तुम्हाला कदाचित जाणवली नसेल. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना आवाजच नाहीये! चाक सूं करून फिरतंय, मग हळू होतं, मग खट खट सुरू होतं आणि त्यानंतर तीन-चार फेऱ्यात खेळ खलास. कारण वेगात असताना वजनं बाहेर फेकलेलीच राहतात, वर पोचली तरी दुमडत-उलगडत नाहीत. अर्धा मीटर त्रिज्येला हे साधारण मिनिटाला ४२ फेऱ्यांच्या पुढे होतं. म्हणजे तुमचं यंत्र वेगात असताना नुसतं एक साधं चाक असतं आणि तेव्हाच ते मस्त फिरतं, आणि ज्या क्षणी तुमचा शोध कामाला लागतो त्या क्षणी ते थांबायला लागतं. हे जरा लागेल असं लिहिलंय, पण मला स्वतःला हे कळायला चार महिने लागले होते म्हणून लिहिलं.

ते चार महिने १९९६ चे. मी बाविशीत, एका वर्कशॉपमध्ये हाताखाली. रविवारी शॉप बंद असायचं तेव्हा चोरून माझं चाक जोडायचो, तीन फुटी, १६ हात, गिरणीतले भंगारात आलेले लोखंडी गोळे लावलेले. पगार साडेनऊशे आणि त्यातले निम्मे त्यात. आमचे मिस्त्री होते, त्यांना सगळं माहीत होतं पण बोलले नाहीत. एक दिवस म्हणाले, आण तुझं चाक. नाइफ एजवर ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाइफ एज म्हणजे लेव्हलमध्ये ठेवलेल्या दोन धारदार कडक पट्ट्या, त्यावर शाफ्ट, म्हणजे चाकाचा आस, टेकवायचा. बेअरिंगपेक्षा कितीतरी कमी घर्षण, पाच ग्रॅम जरी एका बाजूला जास्त असलं तरी इंपेलर हळूच गडगडत जातो आणि जड बाजू खाली येऊन थांबतो. तिथे खडूची खूण, समोरच्या बाजूला पुट्टी चिकटवायची, परत सोडायचं, असं करत करत बॅलन्स होतो. तर मिस्त्रींनी माझं चाक सोडलं. थोडं डुललं आणि थांबलं. खडूची खूण केली. परत ढकललं, दुसरीकडे थांबलं. परत खूण. असं कितीतरी वेळा. सगळ्या चाकावर खुणाच खुणा, सोळा जागा, कुठेही थांबायला तयार. मिस्त्री खडू खिशात टाकून म्हणाले, "लेका, तू तर एक नंबर बॅलन्स केलायस की. असं इंपेलरचं कधी केलं नाहीस!"

तेव्हा राग आला होता. पण हीच ती गोष्ट आहे. ज्याला आपण एका बाजूला जड चाक म्हणतो ते एका बाजूला जड नसतंच. जितके हात वाढवाल, जितकं सुबक बनवाल, तितकं ते जास्त जागी आरामात थांबतं. खरंच एका बाजूला जड असलेलं चाक बघायचं असेल तर कुठलाही खराब इंपेलर बघा, ते एकदाच खाली येतं, डुलतं, आणि त्याच जागी झोपतं.

आता कारण. मी टॉर्कच्या, म्हणजे फिरवणाऱ्या जोराच्या, भाषेत सांगितलं कारण मी टॉर्कवर जगतो, पण त्याहून सोपं आहे. जोतिबाला पायऱ्यांनी चढा आणि गाडीरस्त्याने वळणं घेत उतरा, किंवा उलट करा, डोंगराची उंची तीच राहते. वजन चाकाच्या कडेने लांबून उतरलं काय आणि आसाजवळून चढलं काय, जितकं खाली आलं तितकंच वर जायचंय. उतरताना जे देतं तेच चढताना परत मागतं. लांबून उतरताना ओढ जास्त असते हे खरं, पण गुरुत्वाकर्षण हिशोब उंचीचा करतं, आडव्या अंतराचा नाही. वजनं वाढवली तर दोन्ही बाजूचा आकडा वाढतो आणि खट्टचे ज्यूल पण वाढतात. म्हणजे तो उपाय बाद.

विषम संख्येचं पण तेच. ही कल्पना जुनी आहे, तेराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिलार द ऑनकूर नावाच्या माणसाने आपल्या वहीत अशा चाकाचं चित्र काढून ठेवलंय, सात हातोडे लटकवलेलं चाक, मुद्दाम विषम, म्हणजे एका बाजूला कायम चार आणि दुसरीकडे तीन असतील असा त्याचा हिशोब. पण चार कुठल्या बाजूला येतात? थांबताना चाक ती बाजू स्वतः निवडतं आणि तिथेच थांबतं. मी ७ ने पण बघितलंय, ११ ने पण.

भास्कराचार्यांबद्दल. हो, सिद्धांतशिरोमणीत, शके १०७२ म्हणजे इसवी ११५० च्या त्यांच्या ग्रंथात, गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात असं स्वयंवह, म्हणजे आपोआप चालणारं, यंत्र आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला पोकळ आरे, सगळे एका बाजूला जरासे कललेले, त्यात निम्मा पारा भरून तोंडं बंद. त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये पाऱ्याचं चाक लिहिलंय. म्हणजे ही कल्पना युरोपात दिसते त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे होती, आणि चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने मठासाठी लिहवलेला शिलालेख आहे तो बघायला गेलो होतो तेव्हा माझी छाती पण फुगलीच होती. पण कल्पना लिहिलेली असणं वेगळं आणि चाक फिरणं वेगळं. पारा वाहतो म्हणून खट्ट होत नाही, पण आऱ्यातून घरंगळताना तोही तेच करतो, उतरत्या बाजूला कडेकडे जातो आणि चढत्या बाजूला आसाकडे जमतो, आणि बेरीज परत शून्यावर. ज्या माणसाने गणितात एवढं करून ठेवलंय त्याचं नाव घेऊन कुणी ८५ हजार मागत असेल तर मला त्याचाच जास्त राग येतो. आणि कृपा करून पारा आणून प्रयोग करू नका. त्याची वाफ विषारी असते आणि सांडला तर फरशीच्या फटीतून निघत नाही.

कुणीतरी खाली बेस्लरचं नाव टाकणार आहेच म्हणून आधीच लिहून टाकतो. योहान बेस्लर, ऑर्फिरिअस नावाने मिरवायचा, जर्मनी. १७१७ मध्ये कासेलच्या संस्थानिकाच्या किल्ल्यात त्याने १२ फुटी चाक लावलं, १२ नोव्हेंबरला खोली सील केली आणि ४ जानेवारी १७१८ ला उघडली तेव्हाही चाक फिरत होतं म्हणतात. आतलं त्या संस्थानिकाशिवाय कुणाला दाखवायचा नाही, आधी पैसे द्या मग बघा. १७२१ मध्ये ग्राव्हेसांडे नावाचा डच शास्त्रज्ञ तपासायला आला तर याने स्वतःच चाक फोडून टाकलं. पुढे १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने साक्ष दिली की शेजारच्या खोलीतून आम्ही हाताने फिरवायचो. ती साक्ष खरी की खोटी यावर आजही भांडणारे लोक आहेत, मला त्यात पडायचं नाही. वर्कशॉपवाला म्हणून मला एवढंच दिसतं की तीनशे वर्षांत कुणालाही दुसरं तसं चाक बनवता आलं नाही, आणि लाकडाचं १२ फुटी चाक बनवणं काही अवघड नाही.

मला जास्त आवडणारी गोष्ट रेडहेफरची आहे, कारण ती मेकॅनिक लोकांनी पकडली. चार्ल्स रेडहेफर, अमेरिकेत फिलाडेल्फिया, १८१२. हे चाक दुसरं मशीन फिरवतंय असं दाखवायचा, तिकीट लावून. तपासायला आलेल्या एका माणसाबरोबर त्याचा मुलगा आला होता, त्याने गिअरच्या दातांकडे बघितलं आणि म्हणाला दात उलट्या बाजूने घासलेत. म्हणजे चाक मशीनला फिरवत नव्हतं, मशीन चाकाला फिरवत होतं! पुढच्या वर्षी हाच गडी न्यूयॉर्कला. तिथे वाफेच्या बोटीवाला रॉबर्ट फुल्टन बघायला गेला आणि त्याला आवाजावरून कळलं की वेग एकसारखा नाही, मध्येच जोर येतोय मध्येच ढिला पडतोय, जसा हाताने हँडल मारताना पडतो तसा. त्याने भिंतीजवळच्या लाकडी पट्ट्या उखडल्या, आतून तातीचा (आतड्याच्या दोरीचा) पट्टा वर माळ्यावर गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा दाढीवाला बसून हँडल फिरवतोय.

म्हणून तुम्ही त्या ८५ हजारवाल्याकडे डेमो बघायला जाणारच असाल तर चाकाकडे नंतर बघा. दातांची चमक कुठल्या बाजूला आहे ते बघा. पट्ट्याची कुठली बाजू ताणलेली आणि कुठली सैल ते बघा, कारण ज्या पुलीकडे ओढलेली बाजू येते ती पुली ओढणारी असते. स्टँड जमिनीला बोल्टने ठोकलाय का, आणि तसं असेल तर एवढ्या हलक्या चाकाला कशाला? माझ्याकडे एक पार्टी आली होती ड्रॉइंग घेऊन, शाफ्ट करून पाहिजे होता. ड्रॉइंगमध्ये शाफ्टला आरपार १२ एमएमचं भोक आणि पेडेस्टलला, म्हणजे खालच्या बैठकीला, आतून खाच. मी विचारलं हे भोक कशाला, तर म्हणे वजन कमी करायला. चार किलोच्या शाफ्टमधून अर्धा किलो कमी करायचा आणि खाली १५ किलोचं पेडेस्टल! वायर न्यायची होती, दुसरं काही नाही. काम केलं नाही, पण दुसऱ्या कुणी केलंच असेल. "आमचं पेटंट पेंडिंग आहे" असं म्हणाला तर त्याचा अर्थ फक्त अर्ज टाकलाय इतकाच होतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ च्या पहिल्याच पोटकलमात लिहिलंय की निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर त्याला शोध मानत नाहीत.

फ्लायव्हीलबद्दल एक ओळ, कारण त्यातच सगळे फसतात. फ्लायव्हील ही पाण्याची टाकी आहे, विहीर नाही. गुऱ्हाळाच्या चरकाला लावतात ते जाड ऊस आला की झटका सोसायला, आधी इंजिनाने भरलेलं असतं तेवढंच देतं. एक एचपी मोटर फ्लायव्हील फिरवणार आणि त्यातून दहा एचपी निघणार हे व्हिडिओत होतं, कारण व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो.

बरं, समजा. समजा माझं सगळं चुकलं आणि तुमच्या चाकाला वजनं वर नेताना काहीच लागत नाही, चढण पूर्ण फुकट. तरी काय मिळेल? अर्धा किलो, १.२ मीटर खाली, साधारण ५.९ ज्यूल. १२ वजनं म्हणजे फेरीला ७० ज्यूल. वेग मिनिटाला ३० फेऱ्या धरा, कारण ४२ च्या पुढे हात पलटतच नाहीत हे वर बघितलं. म्हणजे सेकंदाला अर्धी फेरी, ३५ वॉट. साधा सीलिंग फॅन पण अर्धाच चालेल. तुमचा ५ एचपीचा पंप ३७३० वॉटचा, म्हणजे अशी शंभरावर चाकं लागतील, फुकट चढण धरून! आपल्याला वाटतं वजन खाली पडतंय म्हणजे केवढी ताकद, पण एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे पाच टनाचा भरलेला ट्रक कुतुबमिनाराच्या उंचीवरून खाली आणा तेव्हा कुठे एक युनिट. ही तुलना मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, बिल बघताना पण बरं वाटतं, एवढी मेहनत आणि इतके कमी पैसे.

गुरुत्वाकर्षणावर वीज होतच नाही असं मी म्हणत नाहीये. कोयनेचं पाणी सह्याद्री उतरून पोफळीला जातं आणि वीज देतं, ते गुरुत्वाकर्षणच. फक्त ते पाणी वर नेऊन ठेवायचं काम सूर्य आणि पाऊस करतात, आपण नाही. आणि जिथे आपण स्वतः वर नेतो, म्हणजे अकोले तालुक्यातल्या घाटघरला, २५० मेगावॉटचा प्रकल्प, तिथे मागणी कमी असताना वीज खर्चून पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. जेवढी घातली तेवढी परत येत नाही, अशा प्रकल्पात साधारण तीन चतुर्थांश येते, आणि तरीही परवडतं कारण गरजेच्या वेळेची वीज महाग. तुमच्या चाकाचा हा मोठा भाऊ आहे, सरकारी इंजिनिअरांनी बांधलेला, अवाढव्य टर्बाइनवाला, आणि तोही विजेच्या हिशोबात तोट्यातच फिरतो.

आणि स्वतःहून वर्षानुवर्षं चालणाऱ्या वस्तू खरंच आहेत. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला एका विद्यापीठात १८६४ चं घड्याळ आहे, त्याला कुणी किल्ली देत नाही. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडला की आतली हवा फुगते-आकसते आणि वजन थोडं वर उचललं जातं. फसवणूक नाही, चमत्कार पण नाही, बाहेरून थोडं थोडं मिळतंय. त्यामुळे कुठलंही स्वयंचलित यंत्र बघितलं की मी आधी विचारतो, वजन परत वर कोण नेतंय? याचं उत्तर समोरचा देऊ शकला तर पुढे बोलू.

आता तुम्ही काय करावं, हे तुम्हाला चाक कशासाठी पाहिजे त्यावर आहे. पंप चालवायचा असेल तर ते ८५ हजार हातात ठेवा आणि सौर कृषी पंपाच्या योजनेत अर्ज टाका, सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो, ५ एचपी मिळायला जमिनीची अट आहे ती बघून घ्या. हौस म्हणून, मुलांना दाखवायला, गावच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला असेल तर चाक मोडू नका, छान बनवलंय, सुतारकाम फोटोत पण दिसतंय. उलट हात पलटताना बघायला भारी वाटतं. त्यासाठी सिरॅमिक बेअरिंग नको, साधं ६२०४ नंबरचं घ्या, रबर सीलवालं नको, पत्र्याच्या शील्डचं घ्या, आतलं जाड ग्रीस रॉकेलने धुवून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका. आम्ही बॅलन्सिंगच्या स्टँडवर हेच करतो.

पण त्याआधी एक प्रयोग करा, काट्याचा कंटाळा आला तर निदान हा तरी कराच. ढकलणं हाताने नको, हात प्रत्येक वेळी वेगळा जोर लावतो आणि आपल्या आवडत्या चाकाला नकळत जास्तच लावतो, मी पण लावायचो. कडेला दोरी गुंडाळा, टोकाला ५ किलोची तांदळाची पिशवी, ती बरोबर एक मीटर खाली येऊ द्या आणि तिथे दोरी सुटून जाईल अशी खिळ्यात नुसती अडकवा. म्हणजे दर वेळी पिशवीचे तेच ४९ ज्यूल, त्यातले थोडे तिच्या स्वतःच्या वेगात जातात, बाकीचे चाकाला. एकदा हात मोकळे ठेवून फेऱ्या मोजा. मग सगळे १२ हात एकसारखे दुमडून बांधा, म्हणजे तुमचा शोध बंद, नुसतं मेलेलं चाक, आणि तीच पिशवी, तोच एक मीटर, परत फेऱ्या मोजा. माझ्या १९९६ च्या चाकाचे आकडे अजून लक्षात आहेत, मोकळे असताना ६, बांधल्यावर ७१.

तुमचे दोन्ही आकडे इथे टाका, चाकाचं आणि वजनाचं माप आहेच, मी हिशोब लावून सांगतो की फेरीला नक्की किती ज्यूल खट्टमध्ये जातायत. आणि हात बांधायला सुतळी वापरू नका, ती ताणते आणि एखादा हात सुटला तर गुडघ्यावर बसतो, बाइंडिंग वायर घ्या.